गिरणी बंद झाल्यावर

मला मिरगी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात अजून तेच समजतात. हे वाचणाऱ्यांत गावातलं कोणी असलंच, तर त्याने पायातली चप्पल पायातच ठेवावी. माझ्या नाकाला आजवर इतक्या चपला लागल्या आहेत की चामड्याची कोणती आणि रबरी कोणती, ते मी डोळे मिटून सांगेन.

मी मारेगाव तालुक्यातली. बी.ए. झाले. माय आणि बाबा, दोघांच्याही घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. पदवीला उशीर झाला. तो का झाला ते इथे लिहिते आहे. परीक्षेत, वर्गात, सासरी, कुठेही एकाएकी ज्यांना काही सुचेनासं होतं आणि ज्यांचे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात, त्या पोरींसाठी. आधी वाटलं होतं, पूर्ण बरं झाल्यावर लिहू. पण पूर्ण बरं म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून थांबले नाही.

पंखा

वणीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची परीक्षा होती. इतिहासाचा पेपर, माझा आवडता विषय. प्रश्न सगळे येत होते. उन्हाळ्याचे दिवस, हॉलमध्ये जुने खडखडणारे पंखे. मध्येच लाईन गेली. पंखे मंद होत होत थांबले. पोरं कुरकुरली. इथपर्यंत मला आठवतं.

पुढचं मागच्या बाकावरच्या मैत्रिणीने सांगितलं. मी पेनाला टोपण लावलं. पट्टी, कंपास, पाण्याची बाटली, लाकडी पॅड, एकेक उचलून बाकाखाली भिंतीच्या बाजूला सरकवलं. शेजारच्या पोराची स्टीलची बाटली होती, तीही उचलून ठेवली. तो म्हणाला, "ए, माही हाय ते." मी ऐकलं नाही. मग कोपऱ्यात अंग चोरून बसले, थरथरायला लागले आणि घसरून खाली पडले.

शुद्धीवर आले तेव्हा शिपायाची चप्पल नाकाशी होती आणि पंखे फिरत होते. सर विचारत होते, "सकाळी जेवली होतीस का?" मी हो म्हणाले. "मग उपास धरतेस का?" नाही म्हणाले. त्यांना तिसरा प्रश्न सुचला नाही. माझ्या उत्तरपत्रिकेवर एक अर्धवट वाक्य होतं. त्या वाक्यात पुढे काय लिहायचं होतं, ते मला आज झोपेत विचारलं तरी येतं.

मग हे होतच गेलं. हॉस्टेलच्या मेसमध्ये, लायब्ररीत, एकदा एसटी वाटेत बंद पडली तेव्हा. ओळ वाचायची आणि ती मागच्या मागे पुसली जायची. साधं काही ठरवता येईना. भाजी कोणती घेऊ इतकंही नाही. मैत्रिणी म्हणायच्या, "शुभा, तू ऐकून राह्यली का नाई?" मी ऐकतच होते. तेवढंच मला येत होतं. दोन खोल्या पलीकडचं दार उघडलं तर कोणत्या मूडमधल्या माणसाने उघडलं, हे मी सांगू शकत होते. पेपर तेवढा सोडवता येत नव्हता.

रिपोर्ट नॉर्मल

कॉलेजने घरी फोन केला. बाबा आणि माय आले, आणि तिथून मला जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात नेलं. डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढल्या. मशीनमध्ये घालून फोटो काढले. सगळं नॉर्मल.

रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांना आनंद होतो आणि आजारी माणूस ढोंगी ठरतो. मायने देवाला नारळ बोलला. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची सून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कॉलेजातल्या पोरीयले असेच झटके येतेत. लग्न केलं का बरे होतेत." मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, काहीतरी निघायला हवं होतं. एखादी गाठ तरी. गाठ असती तर तिला लोकांनी मान दिला असता.

वॉर्डात सकाळ फिनाईलच्या वासाने उजाडायची. पाणी मारणारी मावशी खाटांखालच्या पिशव्यांवरून ओरडायची. मग चहा, मग राउंड, मग दुपारभर काही नाही. माय माझ्या पायाशी बसून राहायची. ती फार बोलत नसे, पण वॉर्डात कुणाचं भांडं पडलं की ती आणि मी एकाच वेळी दचकायचो आणि मग एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

बाबा मात्र वॉर्डात आले आणि दोनच दिवसांत सगळ्यांचे झाले. येताना अख्खा केळीचा घड आणला, खाटोखाट वाटला. रात्री जमिनीवर पथारी कुणी कुठे टाकायची यावरून दोन पेशंटच्या नातेवाइकांची जुंपली होती. बाबांनी दोघांना बाहेर नेऊन तंबाखू मळून दिली आणि हसवत आत आणलं. आमच्या गावात ते तंटामुक्ती समितीत आहेत. गावातली भांडणं, नवरा-बायकोचीसुद्धा, त्यांच्यापुढे मिटतात. स्वतः दारूच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. दारूबंदीच्या ठरावाला पहिला हात त्यांचा होता.

"तुह्ये बाबा देवमानूस हायेत बाई," बाजूची सून म्हणाली. तिला त्या रात्री पथारीला पंख्याखालची जागा मिळाली होती.

एका नर्सने तक्ता भरता भरता विचारलं, "वडील पितात का?"

"नाही."

"चला, बरं आहे," म्हणून तिने रेघ मारली. जिथे जिथे गेले तिथे हाच एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर नाही आलं की विषय संपायचा. निर्व्यसनी माणूस. आमच्याकडे याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

आवराआवर

आमची पिठाची गिरणी आहे, घराला लागूनच. मधे एक भिंत. मोटरीवर चालते, रुंद पट्टा आहे, आणि तो फिरतो तेव्हा भांड्यांच्या फळीपासून जमिनीपर्यंत सगळं घर बारीक थरथरतं. त्या थरथरीत मी लहानाची मोठी झाले. ती चालू असली की आम्ही माणसांसारखं राहायचो. माय गाणं गुणगुणायची. मी अभ्यास करायचे, मोठ्याने.

संध्याकाळी गिरणी बंद व्हायची. पट्टा फटफट करत मंद व्हायचा आणि थांबायचा. मग बाबा हातपाय झटकणार, गिऱ्हाइकाशी एखादा विनोद करणार, कुलूप लावणार आणि घरात येणार. तेवढ्या वेळात आवराआवर करायची. विळा कोठीमागे. लाटणं गादीखाली. खलबत्ता चुलीच्या आतल्या बाजूला. तांब्या, पितळी डबा, फुंकणी. हे मला कोणी शिकवलं नाही. एकदा एखादी वस्तू बाहेर राहून जाते आणि मायच्या कपाळाला लागते, की दुसऱ्या दिवशी ती आपोआप लक्षात राहते.

रोज काही व्हायचंच असं नाही. हे नीट समजून घ्या, कारण मलाही ते फार उशिरा कळलं. रोज झालं असतं तर एका परीने सोपं गेलं असतं. कधी ते पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांनी आत यायचे आणि खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढायचे. कधी भाजीत मीठ कमी असायचं. कधी मीठ बरोबर असायचं आणि तेच खटकायचं. दुसऱ्या दिवशी मायला टाके पडलेले असले तरी ते तंटामुक्तीच्या बैठकीला इस्त्रीचे कपडे घालून जायचे, आणि बैठकीत ते जे बोलायचे ते खरोखर शहाणपणाचं असायचं.

शेजारच्या बाया दिवेलागणीला यायच्या आणि म्हणायच्या, "कशी चकाचक ठेवते पोट्टी घर. एक वस्तू बाहेर दिसत नाई. लय समंजस हाय वो." मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला त्या शब्दाचा अभिमान वाटायचा. आमच्या भागात घाबरलेल्या पोरीला समंजस म्हणतात. सगळे म्हणतात, मायेने म्हणतात, आणि पोरगी आणखी घाबरून आणखी समंजस होते.

निदानाचा दिवस

वॉर्डात दुपारी लाईन गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला. मी पडले.

डोळे उघडले तेव्हा माझ्या खाटेशी मानसोपचाराच्या डॉक्टर बाई बसल्या होत्या. त्या दुसऱ्याच पेशंटसाठी आल्या होत्या आणि त्यांनी मला सुरुवातीपासून पाहिलं होतं. त्यांनी बाबांना औषधाची चिठ्ठी देऊन बाहेरच्या दुकानात पाठवलं. ते गेल्यावर विचारलं, "पडायच्या आधी तू काय केलंस माहीत आहे?"

मी नाही म्हणाले.

"स्टीलचा ग्लास, ताट, चमचा, ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री आणि सलाईनचा रिकामा स्टँड. सगळं खाटेखाली सरकवलंस. ब्रेडचा पुडा वरच राहिला. उशी राहिली. टॉवेल राहिला." "तू फक्त लागणाऱ्या वस्तू उचलल्यास, शुभा."

मायने पदर तोंडावर घेतला आणि खिडकीकडे बघत राहिली. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

डॉक्टर बाईंनी पंख्याबद्दल विचारलं. मी गिरणीबद्दल सांगितलं. इतकी वर्षं मला स्वतःला ते जोडता आलं नव्हतं: मला भीती आवाजाची नव्हतीच, थांबलेल्या आवाजाची होती. हे एवढं सोपं होतं आणि त्यापायी माझी परीक्षा, पुढे माझी दोन वर्षं, माझं नाव, सगळं गेलं.

त्यांनी मग जे सांगितलं ते मी मला समजलं तसं लिहिते. लहान वयात घरातच धोका असला की मेंदूतला धोका हुंगणारा भाग फार तरबेज होतो. आणि थांबून विचार करणारा, लक्षात ठेवणारा, पुढचं ठरवणारा भाग सगळ्यांत उशिरा पिकतो, पार विशी ओलांडेपर्यंत. वयात येताना मेंदू आपली छाटणी करतो. जे रोज वापरात आहे ते पक्कं करतो, जे वापरात नाही ते कमी करत जातो.

"तुझ्या घरी वापरात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"कान," मी म्हणाले.

त्यांनी शेतातल्या पायवाटेचं उदाहरण दिलं. रोज चाललं की वाट पडते. मी म्हणाले, मॅडम, पायवाट नाही, ते दगडाला टाकी लावण्यासारखं आहे. गिरणीचा दगड घासून गुळगुळीत झाला की बाबा वरची तळी उचलून बाजूला ठेवायचे आणि टाकीने दगडाला पुन्हा खाचा पाडायचे. तेव्हा नव्या खाचा कोणी पाडत नाही. जुन्याच खोल करतात. मी समोर बसून बघायचे. दगडाची भुकटी उडायची.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "तुझ्या दगडाला टाकी बाराव्या-तेराव्या वर्षी लागत होती."

पुढे कितीतरी जणांनी मला ती म्हण ऐकवली आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. माझे एक सर, मामा, एक कीर्तनकार बाई. मी गिरणीवाल्याची पोरगी आहे. टाकीच्या घावांनी दगडाचा देव होताना मी एकदाही पाहिलेला नाही. दगड दळतो. आयुष्यभर दळत राहतो.

मी डॉक्टर बाईंना एकच विचारलं. हे बुजेल का?

त्या खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "नवीन खाचा पडतात. मोठेपणीही पडतात. पण हळू पडतात, आणि जुन्या पूर्ण बुजत नाहीत. जितक्या लहान वयात धोका थांबेल, तितका फरक पडतो."

बाबा औषध घेऊन आले. डॉक्टर बाईंना नमस्कार करून म्हणाले, "आमची पोरगी लय हुशार हाय मॅडम. नजर लागली तिले." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मायेचा होता. हेच कुणाला सांगून पटत नाही.

मी त्या वेळी स्वतःचा विचार करत नव्हते. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली माझी बहीण, गुड्डी, तेव्हा शेजाऱ्यांकडे ठेवलेली होती. ती अजून लहान होती. तिच्या दगडाला टाकी लागायची वेळ अजून यायची होती.

काट्यावर

गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टर बाईंकडे बोलायला जाणं सुरू झालं. दर खेपेला एसटी, दर खेपेला घरी वेगळं कारण. मी परीक्षा पुन्हा दिली. कॉलेजने मला दाराजवळ बसवलं, बस्स, एवढीच सवलत मागितली होती. नापास झाले, पुन्हा दिली, पास झाले. पदवीचा कागद मी फ्रेम करून लावला आहे आणि त्याच्यावर धूळ बसू देत नाही.

आता मी राजूरच्या रस्त्याला कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरवर बसते. ट्रक काट्यावर चढतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, आकडा स्थिर होतो, मी पावती काढते. इंजिन बंद करतो. दिवसभर. दुसरी नोकरी मिळेना. पहिले काही आठवडे माझ्या टेबलावर स्टेपलर सापडायचा नाही, पंचिंग मशीन सापडायचं नाही. मीच कुठेतरी ठेवलेलं असायचं. सुपरवायझर म्हणायचा, "मॅडम, तुम्ही काय भूतबित पाळलं का?"

एक म्हातारा ड्रायव्हर होता, उत्तर प्रदेशचा. त्याच्या ट्रकच्या वेळी मी एकदा खुर्चीवरून घसरले. त्याने काही विचारलं नाही. पुढच्या खेपेपासून काट्यावर चढला की खिडकीतून मान काढून सांगायचा, "बेटी, बंद कर रहा हूँ." मग चावी फिरवायचा. रोज. हळूहळू बाकीचेही ओरडायला लागले, काही चिडवायला, काही सवयीने. "बंद कर रहा हूँ मॅडम." चिडवणाऱ्यांचाही उपयोग व्हायचा. सांगून थांबलेला आवाज मला सहन होतो. माझ्या सगळ्या आजारपणात औषधाबाहेरचं औषध मिळालं ते एवढंच.

गिरणी चालू होती तोवर

पगार नियमित झाल्यावर मी घरी गेले. गुड्डी आठवीत गेली होती. मला तिला वणीला आणायचं होतं. याच एका गोष्टीसाठी मी काट्यावर टिकले होते.

भिंतीपलीकडे गिरणी चालू होती. माय पीठ चाळत होती.

"गुड्डीले माह्याकडे पाठव, माय. वणीच्या शायेत नाव टाकते तिचं."

"कायले? अथी शाया नाई का?"

"तुले माहीत हाय कायले."

चाळणी थांबली नाही. "मंग अथी कोन राहीन?"

"तू बी चाल."

"मी?" माय हसली. "म्हाताऱ्यापनी नवरा सोडू का? तंटामुक्तीवाल्याची बायको पयाली म्हनतीन लोक. अख्ख्या तालुक्यात मिटवतेत ते भांडनं."

"आन तुह्यं कोन मिटवते?"

तिने चाळणीतला कोंडा झटकला. मग खाली बघूनच बोलली, आणि तिचा आवाज इतका साधा होता की मला तो आजही ऐकू येतो. "पोट्टी समोर असली का त्यायचा हात जरा आखडते. तू होती तवा बी आखडे. तू गेली तं दोन साल लय वाईट गेले मले. मंग गुड्डी मोठी झाली. आता हिले बी नेतो म्हन्तं तू."

मला तिला खूप काही सांगायचं होतं. छाटणी, टाकी, डॉक्टर बाईंनी सांगितलेलं सगळं. मी पाठ करून आले होते. पण मी आडोसा होते आणि आता गुड्डी आडोसा आहे, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला भिंत काढून घेते असं कसं सांगायचं, ते मला बी.ए.ला शिकवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "तिचं डोकं खराब होईन माय, माह्यासारखं."

"तू तं बी.ए. झाली," माय म्हणाली.

गिरणी बंद झाली. आम्ही दोघी गप्प झालो. गुड्डी अंगणातून आत आली, माझ्याकडे न बघता चुलीपाशी गेली, विळा उचलला, लाटणं उचललं. तिला मी शिकवलं नव्हतं. मी घर सोडलं तेव्हा ती बोटं मोजायला शिकत होती.

बाबा पांढऱ्या भुवयांनी आत आले. "काय चाललं मायलेकीचं? काट्यावाल्या मॅडम आल्या का? पगार भेटते ना टायमावर?" मग गुड्डीकडे बोट केलं. "पाह्य, हे पोट्टी पाह्य. सांगा नाई लागत. लय समंजस."

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

तुम्ही विचाराल, बाहेर का नाही सांगितलं. सांगितलं. डॉक्टर बाईंनी ज्या कार्यालयाचं नाव दिलं तिथे मी गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मनापासून ऐकलं आणि गावात चौकशीला माणसं पाठवली. गावात चौकशी म्हणजे चार प्रतिष्ठित माणसांना विचारणं, आणि त्या चारांत एक बाबा. आलेल्यांना त्यांनी चहा पाजला. चौकशीवाल्यांनी गुड्डीला बाजूला बोलावून विचारलं तर ती म्हणाली, "आमचे बाबा लय चांगले हायेत." मी तिला दोष देत नाही. तिच्या वयात मीही तेच म्हणाले असते, आणि मला ते खरंही वाटलं असतं.

दिवाळीची सुट्टी

या दिवाळीनंतर मायने तिला चार दिवस माझ्याकडे पाठवलं. बाबांनी सोबत गिरणीचं ताजं पीठ दिलं, डबाभर. मला वाटलं, चार दिवस तर चार दिवस. मी तिला बाजारात नेलं, आइस्क्रीम दिलं, माझी फ्रेम दाखवली. तिने फ्रेमवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ताई, तू हे पडत पडत केलं?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मले वर्गात वाचता वाचता झोपल्यावानी होते. सर म्हन्तेत ध्यान कुठी राह्यते." मी तिचा हात धरून ठेवला. आणखी काय करणार होते?

शेवटच्या संध्याकाळी लाईन गेली. पंखा थांबला. मी डॉक्टर बाईंनी शिकवलेलं सगळं केलं. पाय जमिनीवर दाबले. मोठ्याने म्हणाले, "हे वणी आहे. ही माझी खोली आहे. हिचं भाडं मी भरते." पुन्हा म्हणाले. घाम आला, पण हात मांडीवरच राहिले. मी पडले नाही. कुणी न सांगता आवाज थांबला होता आणि पहिल्यांदा मी पडले नव्हते.

लाईन आली. मी आनंदाने गुड्डीकडे वळले. ती चटईवर गणित सोडवत बसली होती. तिच्या मागची भांड्यांची फळी रिकामी होती.

"गुड्डी, विळा कुठे ठेवला?"

"कोनता विळा?" ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. माझ्या परीक्षेच्या हॉलमध्ये मी जिथे गेले होते, तिथूनच ती नुकतीच परत आली होती.

सगळं खाटेखाली निघालं. विळा, लाटणं, तवा, माझा डबा. मी एकेक करून जागेवर लावलं.

सकाळी बाबा न्यायला आले. घरमालकीण काकूंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "पोरगी भारी गुणाची आहे हो तुमची. आवाज नाही, हट्ट नाही. किती समंजस."

"माहीच हाय ते," बाबा म्हणाले.

मी बाबांना विचारलं, इथेच राहू दे का तिला. काकूंच्या समोर विचारलं, मुद्दाम. ते हसले. "मायले कोन पाह्यीन? तूच सांग." काकूंनी मान डोलावली. गुड्डीने पायात चप्पल घातलेलीच होती.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी मला मोबाईलचा चार्जर सापडेना. खोलीभर शोधला. वाटलं, तिच्या पिशवीत गेला असेल. रात्रीच्या भाकरीसाठी बाबांनी दिलेल्या पिठाच्या डब्यात हात घातला तेव्हा तळाशी काहीतरी लागलं. चार्जरच होता. वायर नीट गुंडाळून, खोल, पिठाखाली.

मी तो हातात धरून उभी राहिले. माझ्या वेळी आमच्या घरी चार्जर नव्हता. आणि मी मऊ वस्तू कधीच उचलली नव्हती, कारण मऊ वस्तू लागत नसत. वायर लागते, हे गुड्डीला माहीत झालं होतं.

रविवारी मी मारेगावची गाडी धरणार आहे. गिरणी चालू असेल तेव्हा पोहोचायचं असं ठरवलं आहे. चार्जर पुसलेला नाही, पिठासकट कागदात बांधून ठेवला आहे. तो मायच्या पुढ्यात ठेवायचा आणि काही बोलायचं नाही. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. तरी जाणार आहे.